शंभर औट साडेतीनशे

पीरसाब तोलार जिंकले की हरले, हे यार्डात आजही रोज दोन-तीन माणसं मला विचारतात. मी तिथं होतो, सगळं डोळ्यांनी पाहिलं, तरी मला धड उत्तर देता येत नाही आणि मग माझीच चिडचिड होते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ज्याला कळेल त्यानं मला समजावून सांगावं.

मी राजशेखर. सोलापूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर इलेक्ट्रॉनिक काट्यापाशी बसतो. पोतं ठेवलं की लाल आकडे पेटतात, ते मी वाचतो. याला काम म्हणतात आणि मला त्याचा पगार मिळतो. माझ्याआधी त्या जागेवर पीरसाबचाचा होते, एकतीस वर्षं. मोठा लोखंडी तराजू, वजनं आणि त्यांचा आवाज, एवढ्यावर सगळी तूर आणि ज्वारी तोलली जायची. पोती मोजताना ते 'एक' कधी म्हणत नसत. 'बरकत' म्हणत, मग दोन, मग तीन. काटा आला तेव्हा आमचे मालक त्यांना म्हणाले, "चाचा, तुमी बसून राव्हा, आमाला तुमची सवय झालीय." मालक ते प्रेमानंच बोलले होते, पण चाचांना लागलं. तेव्हापासून ते पोती सरकवतात, बारदान घडी करून ठेवतात आणि माझ्या काट्याकडे तिरक्या नजरेनं बघतात.

त्यांचं डोकं मात्र काट्यापेक्षा जलद होतं. शाळा चौथीपर्यंत, पण वडिलांनी मारून-मुटकून जुने पाढे पाठ करून घेतले होते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. 'अठ्ठावीस औट' असं तुम्ही म्हणायचा अवकाश, चाचा 'अठ्ठ्याण्णव' म्हणून मोकळे. मी मोबाइलवर पडताळून बघायचो. एकदाही ते चुकलेले सापडले नाहीत आणि याचा मला थोडा रागही यायचा.

तोलाराचा एक दंडक असतो, तो इथंच सांगतो. शेतकरी एका बाजूला उभा, व्यापारी दुसऱ्या बाजूला. तोलारानं वजन एकदा मोठ्यानं पुकारलं की ते पुकारलं. ज्याला हरकत असेल त्यानं पुढचं पोतं चढायच्या आत घ्यायची. तोलारानं स्वतःचा आकडा मागाहून सुधारायचा नाही. चाचा हे नमाजाइतक्या निष्ठेनं पाळत आले.

टीव्हीवर तो 'अक्षर-आकडा' कार्यक्रम लागतो, त्याचा फॉर्म मी चाचांच्या नावानं भरला. खरं सांगायचं तर गंमत म्हणून भरला. दोन स्पर्धक असतात. अक्षरांच्या पाट्यांतून मोठ्यात मोठा शब्द करायचा आणि सहा आकड्यांची बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार करून दिलेल्या संख्येपर्यंत पोचायचं, चाळीस सेकंदांत. फोनवरच्या चाचणीत चाचा पास झाले आणि मुंबईहून बोलावणं आलं तेव्हा माझी गंमत संपली. चाचांनी नवा पांढरा सदरा शिवून घेतला. अमिनाचाची मला म्हणाली, "बाबा, तू संगं जा. ह्यांना आता दुसरं काय बी सुचंना." चाचांना बक्षिसाची हाव नव्हती. आपला हिशोब अजून खरा आहे, असं कुणीतरी चारचौघांत म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. गाडीत त्यांनी मला तसं सांगितलंसुद्धा.

नियमांची आठ पानं आली होती. ती मी त्यांना वाचून दाखवायची होती. पाच पानं वाचली. कुर्डुवाडीला चहा आला, मग कंटाळा आला आणि 'बाकीचं नेहमीचंच आहे' म्हणून मी ती मिटून ठेवली. हा माझा दोष, तो मी कबूल करतो.

समोर स्पर्धक होत्या चंद्रिकाबाई, बार्शीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या. आपल्याच जिल्ह्याच्या, त्यामुळे मेकअपच्या खोलीतच दोघांचं पावसापाण्याचं बोलणं झालं. शब्दांच्या फेऱ्यांत बाईंनी चाचांना मागं टाकलं, आकड्यांच्या फेऱ्यांत चाचांनी गाठलं. शेवटची फेरी उरली तेव्हा दोघांचे अठ्ठावन्न-अठ्ठावन्न गुण. मी प्रेक्षकांत बसलो होतो.

आकडे आले शंभर, सात, दोन, नऊ, चार आणि आठ. गाठायची संख्या तीनशे एकोणसाठ. चाळीस सेकंद संपले. बाई म्हणाल्या, "तीनशे अठ्ठावन्न." चार शंभर चारशे, आठातून दोन गेले सहा, सात सक बेचाळीस, ते चारशेतून वजा, असं त्यांचं होतं. एकानं कमी. चाचा म्हणाले, "तीनशे एकोणसाट." बरोब्बर.

"कसं, ते सांगा काका," निवेदक म्हणाला.

"सातात दोनाचा भाग, औट. शंभर औट साडेतीनशे. वर नऊ."

निवेदकाला औट माहीत नव्हतं. शेजारी गणिताच्या जाणकार म्हणून एक बाई बसल्या होत्या, त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे साडेतीन. पण मधल्या कुठल्याच पायरीवर अपूर्णांक चालत नाही. नियम आहे."

"अपूर्णांक कुटं हाय? साडेतीनशे पुरे हायत की," चाचा म्हणाले.

हा नियम सहाव्या पानावर होता. मी खुर्चीत खाली सरकलो.

कॅमेरे थांबवले. दहा-बारा माणसं कोपऱ्यात जमून कुजबुजत होती. एक जण चंद्रिकाबाईंना बाजूला घेऊन काहीतरी बोलला. मग कानात यंत्र घातलेला एक पोरगेला माणूस चाचांकडे आला आणि गोड आवाजात म्हणाला, "काका, असं सांगा, आधी शंभर गुणिले सात, सातशे. मग भागिले दोन. एकच आहे ना?" चाचा म्हणाले, एकच आहे. "मग तसं म्हणा." ते तसं म्हणाले. नंतर चाचा जिंकल्याचं चित्रण झालं, टाळ्या झाल्या, करंडक त्यांच्या हातात दिला. तो काढून घेतला, बाईंच्या हातात दिला आणि बाई जिंकल्याचं चित्रण झालं, पुन्हा टाळ्या झाल्या. दोन्ही वेळा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. शेवटी सांगितलं की निर्णय समिती घेईल, तो प्रक्षेपणात कळेल, तोवर कुणाला काही सांगू नका.

सांगायचं काय, हेच आम्हाला माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत चाचांनी मला चार वेळा विचारलं, "राजशेखर, झालं काय नक्की?" मी चार वेळा वेगवेगळं उत्तर दिलं.

पुढचे सात आठवडे आम्ही त्याच गोंधळात काढले. यार्डात सगळे हसून विचारायचे आणि चाचा 'बगा की टीव्हीवर' म्हणायचे. कधी त्यांना वाटायचं आपण जिंकलो, कधी वाटायचं बाई जिंकल्या. बारदानं घडी करता करता मध्येच थांबायचे आणि बोटांवर सात, दोन, शंभर करत बसायचे. दर वेळी उत्तर तेच येत होतं. मग चूक कुठं आहे, ते त्यांना कळत नव्हतं आणि मला कळत असूनही सहाव्या पानाबद्दल सांगायचं धाडस होत नव्हतं.

प्रक्षेपणाच्या दिवशी आडतीवर टीव्ही लावला. हमाल, व्यापारी, चहावाला, सगळे जमले. शेवटची फेरी आली. निवेदकानं विचारलं आणि पडद्यावरचे चाचा म्हणाले, "शंभर गुनिले सात, सातशे. भागिले दोन, साडेतीनशे. वर नऊ." जाणकार बाई हसून 'अगदी बरोबर' म्हणाल्या. औट नाही, हरकत नाही, कोपऱ्यातली कुजबुज नाही. चाचा जिंकले. आडतीवर गुलाल उधळला, माझ्या काट्यातही गेला, तो अजून निघतोय. दुसऱ्या दिवशी गेटवर चाचांच्या फोटोचा फ्लेक्स लागला आणि आठवड्यानं कुरिअरनं करंडक आला.

चाचा मात्र फ्लेक्सखालून मान खाली घालून जायला लागले. जेवण कमी झालं. एक दिवस माझ्या काट्यावर हात ठेवून म्हणाले, "मी तसं म्हनलोच न्हवतो. पयल्यांदा औट म्हनलो हुतो. त्यांनी पुकार बदलली आन मी बदलू दिली."

"चाचा, उत्तर तर एकच आहे."

"उत्तर एकच हाय. पुकार एक न्हाय."

मग मी सहाव्या पानाचं सांगून टाकलं, की अपूर्णांकाचा नियम आधीपासून छापलेला होता आणि मीच तो वाचून दाखवला नव्हता. वाटलं, रागावतील. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे बाईंची हुती ती फेरी. चल बार्शीला." मी म्हणालो की चॅनेलला कळवू. कळवलंही. उत्तर आलं, 'आपल्या प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार. असेच पाहत राहा.' त्यानंतरच्या रविवारी आम्ही करंडक पिशवीत घालून एसटीत बसलो.

चंद्रिकाबाईंनी आगत-स्वागत केलं, चुरमुऱ्यांचा सुशीला केला, वर दह्याची वाटी दिली. चाचांनी ताटाला हात लावायच्या आधी करंडक त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. बाई संकोचल्या.

"काका, मला माहीत आहे हो. मी शेजारीच उभी होते की. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमची हरकत आहे का. मी म्हणाले, नाही."

"का न्हाय म्हनला?"

बाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग खरं ते बोलल्या. "वाटलं, वयस्कर माणूस आहे. एवढ्या लांबून आलेत. यार्डात कष्ट करतात. जाऊ दे."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मालकांच्या 'बसून राव्हा' मध्ये जे होतं तेच बाईंच्या 'जाऊ दे' मध्ये होतं आणि तेही तसंच प्रेमानं.

"म्हंजे तुमी मला दिला," चाचा म्हणाले.

"तसं नाही हो काका."

"तसंच हाय, बाई. तुमी हरकत घ्याला पायजे हुती. घेतली असती तर मी हरलो असतो. हरल्याचं काय न्हाय. आता मी कोन हाय तेच मला कळंना झालंय."

चाचांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "कागद आना. परत मांडू. तीन डाव. अपूर्नांक न्हाय. आन बाई, मला काय बी द्यायचं न्हाय."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी चाचांना पहिल्यांदाच नीट बघितलं. उठल्या, चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात घातल्या. चिठ्ठ्या काढायला आणि मोबाइलवर चाळीस सेकंद लावायला मी. पहिला डाव चाचांनी मारला. बाईंच्या कपाळाला आठी पडली आणि दुसरा बाईंनी मारला. आता दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती, फक्त कागदाकडे. सुशीला गार होऊन गेला.

तिसऱ्या डावाला निघाले पंचाहत्तर, पन्नास, नऊ, सहा, तीन, एक. गाठायचे पाचशे अठरा. वेळ संपली.

"पाचशे एकोनीस," चाचा म्हणाले. सहा आणि एक सात, पंचाहत्तर साते पाचशे पंचवीस, नऊ वजा, तीन मिळवले. एकानं जास्त.

बाई म्हणाल्या, "पाचशे अठरा. पंचाहत्तर सक साडेचारशे, पन्नास मिळवले पाचशे. तिनातून एक गेला दोन, नऊ दुणे अठरा." त्यांनी आवाज जराही हळू केला नाही आणि 'सॉरी काका' वगैरेही म्हणाल्या नाहीत.

चाचांनी तो हिशोब बोटांवर दोनदा केला. पन्नास सरळ मिळवायचे, हे त्यांना दिसलं नव्हतं. "बरोबर हाय. हरलो," ते म्हणाले आणि त्यांनी गार सुशीला पुढं ओढून सगळा संपवला, पुन्हा मागून घेतला.

करंडक बार्शीलाच राहिला. स्टँडवर गाडीची वाट बघताना त्यांनी माझ्या फोनवरून घरी फोन लावला. "अमिना, हरलो. व्हय, हरलो. एकानं. न्हाय गं, लई चांगलं हरलो." मग हसत फोन माझ्या हातात दिला.

"राजशेखर," चाची घाबरून विचारत होती, "हरलेत म्हनत्यात, मग हसाय का लागलेत? बरं हायत न्हवं?"

मी सांगायला सुरुवात केली, औटापासून. मधेच माझाच गुंता झाला. शेवटी म्हणालो, "बरे हायत चाची. तुम्ही सैपाक करून ठेवा, आज जेवतील."