‘घरातलं घरात’ म्हणणारी मीच

मला नोकरी देण्याआधी आमच्या शाळेच्या कमिटीनं माझ्या माहेरी माणूस पाठवला होता. गारगोटीकडची मुलींची शाळा, गणिताची जागा, आणि मी अर्जात खरं ते लिहिलं होतं, की नवऱ्यापासून वेगळी राहते. झालं. तो माणूस सकाळी सकाळी गावातल्या दूध संस्थेत गेला, कारण त्या वेळेला अर्धं गाव कॅन घेऊन तिथं उभं असतं. सगळ्यांच्या समोर त्यानं विचारलं, ह्या पोरीनं नवरा का सोडला आणि वागायला कशी हाय. रांगेत माझे वडील होते. दूध न घालताच ते घरी आले.

आमच्याकडं अशी चौकशी सोयरीक जमवताना करतात, गडी ठेवताना करतात, भाडेकरू ठेवतानाही करतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटलं. बीजगणित शिकवायला नवरा कशाला लागतो, असं मी मुलाखतीत तोंडावर विचारणार होते, पण जागा हवी होती म्हणून गिळलं. त्या दिवशी कानाला खडा लावला, की कुणाच्या घरातल्या गोष्टीत आपण तोंड घालायचं नाही.

गेल्या वर्षी आमचे चेअरमन कोल्हापुरात एका एआय कंपनीच्या मालकाचं भाषण ऐकून आले. त्याच्याबरोबर फोटो काढून आले, आणि शाळेला फुकट टॅब द्यायचं कबूल करून घेऊन आले. त्या टॅबमध्ये बाईच्या आवाजात मराठी बोलणारं यंत्र होतं. मुली पुढं त्याला ताई म्हणायला लागल्या. गणित अडलं तर ताईला विचारा, मनात काही असलं तर तेही लिहा, असा त्याचा थाट होता.

त्याच आठवड्यात पेपरात त्या मालकाची बातमी आली. त्याच्या बायकोनं कोर्टात सांगितलं होतं, की हा माणूस कित्येक वर्षं तिचा फोन आपल्या कॉम्प्युटरवर उघडून ठेवत होता. बहिणीला काय लिहिते, डॉक्टरला काय विचारते, सगळं वाचायचा. त्यानं ते नाकारलंही नाही. कुटुंबाच्या भल्यासाठी वाचलं म्हणाला, आणि वर, हा माझा खासगी प्रश्न आहे.

आमच्या पालक समितीत एक शिंपी आहेत. त्यांची नात आमच्याकडं शिकते, मुलींचे गणवेशही तेच शिवतात, सगळी शाळा त्यांना चाचा म्हणते. मीटिंगला ते तो पेपर घडी करून घेऊन आले. म्हणाले, मी बाईमाणसाचं माप स्वतः कधी घेत नाही, माझी बायको घेते, नाहीतर मी मापाचा ब्लाउज मागवतो. तरी नवीन गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आधी शेजारी विचारून येतं, की शिंपी नजरेनं कसा हाय. आणि बरोबरच करतं.

“मग ह्याच्याबद्दल कुणी इचारायचं?” चाचा म्हणाले. “जो बायकोचं चोरून वाचतो, त्यो आमच्या पोरींचं वाचणार न्हाय कशावरनं?”

चेअरमन हसले. मोठ्या माणसांच्या घरात असलं चालायचंच की, म्हणाले, आपल्याला त्याची हुशारी पाहिजे, त्याचा संसार काय करायचाय. हेच चेअरमन बरं का, ज्यांनी माझा संसार दूध संस्थेच्या रांगेत पसरून बघितला होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी ताडकन उठले. उठून काय बोलले, तर म्हणे, “घरातलं घरात राहू दे. आपण कामाचं बोलू.”

मला वाटलं, मी चेअरमनना चपराक देतेय, ज्या न्यायानं त्याला सोडलंत त्या न्यायानं मलाही सोडायचं होतं. कसली चपराक! चेअरमननी मान डोलावली, मॅडम शहाण्या आहेत म्हणाले. चाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं, पेपर परत घडी करून खिशात घातला आणि खाली बसले. पुढच्या सोमवारी टॅब आले.

दहावीत एक मुलगी होती. गणितात इतकी तयार, की मी फळ्यावर चुकले तर शेवटच्या बाकावरून बोलायची. तिला दहावीनंतर कोल्हापुरात पॉलिटेक्निकला जायचं होतं, आणि बाप अर्धामुर्धा तयारही झाला होता. तिनं ताईला काय लिहिलं? कॉलेजातला एक मुलगा स्टँडवर बोलतो, मला तो आवडतो, घरी कळलं तर मला मारतील, मी काय करू. पंधरा वर्षांच्या पोरीनं दुसरं काय लिहायचं?

टॅबवर पहिल्याच पानावर ओळ होती: इथं लिहिलेलं फक्त तुझं आहे. ती ओळ वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली होती मी.

आणि महिन्याच्या शेवटी चेअरमनच्या फोनवर कंपनीचा ‘काळजी अहवाल’ आला, मुलींच्या नावानिशी. हा अहवाल नावाचा प्रकार असतो, हेच आम्हा शिक्षकांना कुणी सांगितलं नव्हतं. चेअरमननी मला विचारलं नाही, हेडबाईंना विचारलं नाही. मुलीचा बाप त्यांच्या भावकीतला, त्याला बोलावून सरळ वाचून दाखवलं. आठ दिवसांत पोरगी पन्हाळ्याकडं आत्याच्या घरी. शाळा बंद, फोन बंद, स्थळं बघायला सुरुवात. बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर आलेली.

मी कंपनीत फोन केला. गोड आवाजाची एक बाई म्हणाली, अटींमध्ये सगळं लिहिलेलं आहे. मग मालकाची मुलाखत बघितली. मुलींच्या भल्यासाठी वाचतो, म्हणाला. मेल्यानं शब्दसुद्धा बदलला नव्हता. बायकोला जे लावलं तेच आमच्या पोरींना लावलं, फक्त आता त्याला काळजी असं नाव दिलं.

आता कळतंय मला. मी नवऱ्यापासून वेगळी राहते, त्यात कुणाचं काही हिरावून घेतलं नाही, ते माझं. पण ह्यानं बायकोचं वाचलं, ते खासगी होतं तर तिचं होतं, ह्याचं कसं? दुसऱ्याच्या घरात शिरलेला चोर, ही माझी खासगी बाब आहे, म्हणतो आणि आपण माना डोलवतो. आणि शिरायचाच धंदा त्यानं पुढं काढला, तरी त्याचा स्वभाव विचारायचा नाही म्हणे! शिंप्याची नजर विचारतात, आणि लाखो पोरींच्या मनात हात घालणाऱ्याला हार घालतात. चेअरमनचा राग येतोच, पण ते अडाणी अहंकारात बोलले. मला कळत होतं. दुधानं पोळलं म्हणून मी ताक फुंकत बसले, आणि पोळली ती पोर.

रविवारी मी पन्हाळ्याकडं गेले. बापाचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते, तेव्हा कुठं तो म्हणाला होता, परीक्षेला बसवायचं का ते बघू. आत्यानं मला सोप्यात बसवलं, चहा ठेवायला आत गेली. मुलगी समोर येऊन बसली. वाळली होती. मी सरावाच्या प्रश्नपत्रिका आणल्या होत्या, पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात माझा फोन नंबर लिहून. म्हटलं, आत्याच्या फोनवरून कधीही कर, काहीही विचार, माझ्यापाशी राहील.

तिनं पानं चाळली. मग खालच्या आवाजात म्हणाली, इकडं यायच्या आधी चाचांच्या नातीनं सांगितलं तिला, की मीटिंगमध्ये त्या टॅबवाल्या मालकाचं सगळं निघालं होतं.

“तुम्हाला आधी म्हाईत हुतं, बाई?”

“व्हय,” मी म्हटलं.

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पहिलं पान तिनं मांडीवर ठेवलं, नंबराचा कोपरा नखानं दुमडला, सरळ फाडला आणि माझ्या हातात दिला.

“गणितं ठेवते,” ती म्हणाली. “नंबर नको.”