माडबाबाची विहीर

वादळाने आमची वाडी एका दिवसात झोपवली. बाबा आधीच वारले होते. घरात आई आणि मी, आणि पोटाला माड-पोफळींचा आधार. तोही आडवा झाला. कौलं उडाली, दारावर माड पडला, आणि आम्ही मायलेकी मागच्या खिडकीतून आतबाहेर करत होतो. अशा वेळी कुऱ्हाड घेऊन सदूकाका आला. तो आमचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा. चढण्याआधी खोडाला कपाळ टेकवून विचारायचा, "येऊ का रं वर?" त्या दिवशी पडलेल्या माडालाही त्याने कपाळ टेकवलं, मगच कुऱ्हाड घातली. दार मोकळं करून आईला म्हणाला, "वयनी, वाडी पडली, माणूस उभा हाय. रडायचं न्हाय." मजुरी घेतली नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, तो पहिल्यापासून तसलाच असणार. नव्हता.

त्याच्या आवारात एकच माड उभा राहिला होता. वादळभर आपण त्याच माडाला मिठी मारून होतो, असं तो सांगायचा. "मी झाडाला न्हाय, झाडानं मला धरलं." उघड्यावर पडलेल्या माणसांना असंच काही ऐकायचं होतं. एक म्हातारी पाया पडायला वाकली, तेव्हा त्याने पटकन पाय मागे घेतले. दुसरी वाकली तेव्हा घेतले नाहीत. बघता बघता सदूकाकाचा माडबाबा झाला. हरिहरेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाट वाकडी करून त्याच्या दारात थांबायला लागल्या.

त्याचा नेम असा की प्रत्येक घराने त्याच्या वाडीत पोफळीचं एक रोप लावायचं. "रोप जगलं, घर जगलं," तो म्हणायचा. आईनेही लावलं. मी माणगावला कॉलेजात होते, आमच्या घराण्यातली पहिली. सुट्टीला आले की तो भरल्या बैठकीत विचारायचा, "काय गो शिकलेली बाय, पदवीनं सुपारी पिकते काय?" लोक हसायचे. आईही हसायची, ते जास्त लागायचं.

भिवा त्याचा जुना जोडीदार, माडाखाली उभा राहून नारळ गोळा करणारा. एका बैठकीत मिठीची गोष्ट रंगात आली आणि भिवाला हसू आवरेना. "अरे सदू, कुठला माड नि कुठलं काय! माझ्या पडवीत खाटेखाली होतास की. यशोदेनं च्या पाजला तुला, इचार तिला." त्याची बायको यशोदा तोंडाला पदर लावून हसली. आणखी कोणी हसलं नाही. माडबाबा शांतपणे म्हणाला, "भिवा, तुझं रोप सुकलंय रं."

दुसऱ्या दिवशी ते हिरवंगार रोप उपटून भिवाच्या उंबऱ्यावर ठेवलेलं होतं. आठवड्याच्या आत नवराबायको दिसेनाशी झाली. "नर्मदेच्या परिक्रमेला धाडली त्यांना," माडबाबाने सांगितलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. गावात कोणी पुढे विचारलं नाही.

लगेच त्याने वाडीतली विहीर फळ्या ठोकून बंद केली आणि वर आपलं आसन मांडलं. "ह्ये पाणी आता देवाचं." चैत्र तापला होता. रोपांसाठी शेजारच्या वाडीतून कळशीने पाणी आणायचं काम बायकांवर आलं. मी तेव्हा घरीच होते. दुसऱ्या खेपेला आईने कळशी खाली ठेवली आणि बोलून गेली, "भावजी, तुमचा जल्म वाडीत गेला. वाडीवाला माणूस चैत्रात विहीर बंद करतो व्हय? रोपं मेली तरी चालतील, असं काय हाय त्या विहिरीत?"

तिने भोळेपणानेच विचारलं होतं. पण माडबाबा आसनावरून म्हणाला, "वयनी, तुमचं रोप सुकलंय."

सकाळी दार उघडलं तर रोप उंबऱ्यावर. मुळांना ओली माती तशीच. आई म्हणाली, "बाय, आता आपली पाळी."

मी रोप पिशवीत घातलं, आईचा हात धरला आणि पहिल्या एसटीने पोलीस ठाणं गाठलं. हवालदार म्हणाला, "ताई, रोप उपटलं म्हणून तक्रार?" मी म्हटलं, "रोपाची नाही. याआधी ज्यांचं रोप उपटलं, ती दोन माणसं कुठे आहेत ते विचारा. त्यानंतर लगेच त्याने फळ्या ठोकून बंद केलेली विहीर उपसा. काही निघालं नाही, तर खोटी तक्रार म्हणून मला आत टाका." तो आत गेला आणि साहेबांना घेऊन आला.

आम्ही पोलिसांच्या गाडीतून पोचलो, ती दिसताच विहिरीभोवती माणसांचं कडं झालं. माडबाबा आसनावरून ओरडला, "फळीला हात लागला तर समद्यांची रोपं जळतील!" पोलीसही थबकले. कारण कडं करून उभ्या होत्या त्या आमच्याच घरोघरच्या बायका. तेव्हा आई पिशवीतलं रोप हातात घेऊन पुढे झाली. "माझं तर उपटलंच हाय," ती म्हणाली, "मला कसली भीती? सरका गो." बायका सरकल्या. पोलिसांनी माडबाबाला खाली उतरवलं, आणि पहिली फळी आईने ओढली.

पंप लावला. पाणी उतरलं तसे भिवा आणि यशोदा दिसले. दोघांच्या कमरेला दगड होते, माडावर चढायच्या दोराने बांधलेले.

माडबाबा पळाला नाही. गाडीकडे नेताना सवयीने आपल्या माडापाशी थांबला, खोडाला कपाळ टेकवलं. विचारलं मात्र काही नाही.

खटल्यात मी साक्ष दिली, आईनेही दिली. त्याला जन्मठेप झाली. पदवीचा निकाल मी त्याच वर्षी घरी आणला. उपटलेलं रोप आईने परसात लावलं होतं, ते आता माझ्यापेक्षा उंच झालंय. विहीर गावाने पुन्हा पुन्हा उपसली. तिचं पाणी कोणी पीत नाही, पण पाळीपाळीने सगळ्यांच्या वाड्यांना मिळतं. आज आमची पाळी होती. आईने शिंपणं उरकलं.