भुऱ्या मी निवडला, पण झाला ताईचा

मैत्रिणींनो, आज सकाळी आष्टीहून ताईचा फोन आला आणि माझी चाळीस वर्षांची जळजळ तोंडातून निघालीच.

ऐंशी-ब्याऐंशी साली बाबा हिंगणघाटहून टेरियर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणायला गेले, तेव्हा मीही सोबत होते. चार पिल्लांतून भुऱ्या मीच निवडला. वीतभर कुत्रा, पण बैलांवरही भुंकायचा! दूध-पोळी मी घालायची आणि हा झोपायचा ताईच्या पायाशी. ती सासरी गेली, तरी दारात बसून तिचीच वाट पाहायचा.

आज म्हटलं, "ताई, मले तुहा लय राग यायचा."

ती म्हणाली, "अन् मी तिकडं रडून राह्यली होती. तुह्यापाशी भुऱ्या होता, आई-बाबा होते. मह्यापाशी कोण होतं?"

तिचंही बरोबरच होतं. पण खरं सांगते, मी अजूनही जळते. माझं चुकतंय का?