शिवेवर धरलेला हात

"गाव सोडतत ते गावातले. तुमी गावात होतास कधी रे?"

गावाचे पहिले मानकरी थोरले गावकार माझ्या बाबाला असं म्हणाले आणि शिवेवर जमलेला गाव हसला. बाबाच्या डोक्यावर चटईची वळकटी होती. आईच्या कडेवर बहीण, मागे मोठा भाऊ. माझ्या हातात टोपली, टोपलीत आमची एकुलती कोंबडी. मी नुकता शाळेत जायला लागलो होतो. हसण्याहसण्यातला फरक कळायचं वय झालं होतं. बाबाही हसला. ते मला जास्त लागलं. तो हसला, वळला आणि आम्हाला घेऊन रिकाम्या गावात परत आला.

दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन आमचा गाव रिकामा होतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी शिवेबाहेर. तीन दिवस, तीन रात्री. त्या दिवसांत देव आपला परिवार घेऊन गावात फिरतो, भुतंखेतं त्याच्यापुढे हजेरी देतात, तेव्हा जिवंत माणसाने तिथे असू नये, अशी समजूत. शिवेपलीकडे माडाच्या विणलेल्या झापांच्या झोपड्या घालून लोक राहतात. पुन्हा कौल झाला की परततात. याला गावपळण म्हणतात.

जिवंत माणसाने असू नये. आम्ही असायचो. आमची बौद्धवाडी वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही काठांवर, गावाच्या टोकाला. घरपट्टी गावात भरायची, मत गावात द्यायचं, पण गाव निघाला की आम्ही मागे.

त्या तीन दिवसांतल्या दुपारी मी विसरलेलो नाही. कुत्र्याचं भुंकणं नाही, घणाचा आवाज नाही, कोणाची हाक नाही. बंद दारांची रांग. विहिरीवर कोरडी पडलेली दोरी. आई बजावायची, "खंय जाव नुको. कोणाच्या दारात उभो रवू नुको. काय चोरीक गेलां तर आपल्यार येतला." मी बाबाला विचारलं होतं, "बाबा, मगे भुतां म्हणजे आपण?"

"गप रव," बाबा म्हणाला. एवढंच.

मी शिकलो. सावंतवाडीला राहून डी.एड. केलं, शिक्षक झालो, लोक मास्तर म्हणू लागले. वाडीतल्या मोठ्यांनी दीक्षा घेतलेली. गावपळण आली की ते ताठ मानेने म्हणत, आमका नाय जावचां. मीही म्हणायचो. आणि संध्याकाळी शिवेपलीकडून भजनाचा आवाज आला की अंगणात उभा राहून ऐकायचो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तिकडे जायचं होतं मला. पन्नाशीचा झालो तरी जायचं होतं.

बाबा गेला तेव्हाचंही सांगायला हवं. आमच्या स्मशानाची वाट गावकारांच्या माडाच्या बागेतून होती. फाटकाला कुलूप होतं. चावी कोणाकडे, ते कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्याला खाडीच्या चिखलातून नेला. भरती लागली होती. माझ्या बाजूची तिरडी कलली आणि बाबाचा पाय पाण्याला लागला. तो पाय मला अजून दिसतो. वर्गात फळ्यावर लिहिताना दिसतो.

नंतर माझ्या मोठ्या भावाची बायको, सुमनवैनी, ग्रामपंचायतीवर निवडून आली. सगळी वाडी एका प्रभागात होती म्हणून आली. आमच्या हातात तेवढी एकच जागा होती. वैनी त्या एका जागेवर बसून भांडली आणि ती वाट पंचायतीच्या दप्तरी लागली. फाटक निघालं. आता गावकारांना त्या बागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. खोल्यांसमोरून मढं गेलेलं कोणाला चालणार?

यंदा गावपळण ठरली आणि धाकले गावकार माझ्या घरी आले. थोरल्यांचे चिरंजीव. आम्ही एका शाळेत होतो, पण माझ्या घरात त्यांनी पाऊल टाकलं ते पहिल्यांदाच. खुर्चीवर टेकले. म्हणाले, "मास्तर, जुनां सगळां सोडून देवया. ह्या वर्साक सगळी वाडी चला. गाव म्हणजे गाव."

मी लगेच हो म्हटलं.

विहारात वाडी जमवली. म्हाताऱ्यांनी नको म्हणून मान हलवली. वैनी म्हणाली, "ही माया अचानक खंयसून इली?"

मी म्हटलं, हा धर्माचा प्रश्न नाही, गावाचा आहे. आपल्या बापांना ज्या शिवेवरून परत पाठवलं, ती शीव आपण मानाने ओलांडायची. शाळेत भाषण करतो तसं बोललो.

"भावजी," वैनी म्हणाली, "परवा कचेरीचे दोगे इल्ले. वहाळाकडे हात करून बोलत होते. प्रभाग नव्यान पाडतत म्हणे. पंचायतीत काय तरी कागद लागलो असतलो. पयलां तो बगूया."

"वैनी, तीन दिवसांनी परतच येणार ना आपण? कागद पळून जातो काय?"

लोक हसले.

"कागद पळणा नाय," ती म्हणाली. "आमी पळतंव."

तिच्यावर कोणी हसलं नाही. पण माझं ऐकलं. मास्तरचं ऐकायची वाडीला सवय.

आम्ही निघालो. पोरं नाचत होती. माझी बायको नवी साडी नेसली होती. शिवेपलीकडच्या माळावर आम्हाला झोपड्यांसाठी जागा दिली ती अगदी शेवटी, गुरं बांधली होती त्याच्या पलीकडे, वाऱ्याखाली. दिवसभर शेणाचा वास. मला दिसलं. मी म्हटलं, उशिरा आलो, मिळाली ती जागा. पहिल्या दिवशी संध्याकाळी धाकले गावकार आमच्या झोपडीपुढे चटईवर बसले आणि त्यांनी चहा मागितला. बायकोने दिला. मी त्यांच्या कपाकडे बघत होतो. पूर्ण पितात की ठेवतात. त्यांनी कप रिकामा केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिकलेला, दोन पोरांचा बाप, आणि कोणी माझ्या घरचा चहा प्यायला म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी. हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहितो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला रोझीबाई माळावर आल्या. शेजारच्या गावच्या, माझ्याबरोबर एका शाळेत नोकरी केलेल्या, आता निवृत्त. उन्हातून भराभर चालत आल्या होत्या.

"मास्तर, मी सकाळी तालुक्याक गेलेलंय. थंय फळ्यार तुमच्या गावचो नकाशो लागलो आसा. तुमच्या वाडीच्या मदल्यान रेघ मारल्यानी. वहाळावरसून. हरकत देवची तर आजच. कचेरी बंद होयसर."

मला एका क्षणात सगळं कळलं. अर्धी वाडी गावकारांच्या प्रभागात, अर्धी बाजाराच्या. दोन्हीकडे आम्ही मूठभर. आमचं माणूस पुन्हा पंचायतीत बसणार नाही. अशी वस्ती शक्यतो फोडू नये, असा नियम आहे. पण कोणी हरकत घेतली तर तो नियम उघडून बघतात. हरकत नाही, तर वहाळ ही नैसर्गिक हद्द. कोणी चुकलेलं नाही. सगळं कायद्याने. सूचना आमच्या पंचायतीतही लागलीच होती, आम्ही झोपड्यांसाठी झापं विणत होतो तेव्हा.

वैनी उठली. पदर खोचला. जुन्या प्रभागाचे कागद तिच्या घरी होते आणि तालुक्याची सरळ वाट गावातूनच जाते. ती शिवेकडे चालू लागली.

शिवेवर गावकार होते, चार मानकरी होते. त्यांनी वैनीला अडवलं नाही. ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमची माणसां. तुमीच काय ता सांगा. कौल नाय झालो. पाय पडलो तर सगळ्या गावाची पळण मोडली."

सगळा माळ बघत होता. भजनी मंडळी थांबली होती. माझ्या मनात त्या वेळी वाडी नव्हती, वाट नव्हती, बाबाचा पाण्याला लागलेला पाय नव्हता. एकच गोष्ट होती. पहिल्यांदा बोलावलं आणि आम्हीच मोडलं, असं म्हणतील.

मी धावलो आणि वैनीचा हात धरला.

"भावजी, हात सोडा."

"वैनी, आज नको. आपण पहिल्यांदा आलोय."

"हात सोडा म्हणतंय."

मी सोडला नाही. मोठी वैनी, आईच्या जागी. तिच्या मनगटातली बांगडी माझ्या मुठीत पिचली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. समोर, रिकाम्या गावाकडे पाहत राहिली. मग हात सैल सोडला. मी मूठ उघडल्यावर ती खाडीच्या बाजूला वळली. लांबच्या वाटेने, एकटी, कागदांशिवाय. पोचली तेव्हा कचेरी बंद झाली होती. संध्याकाळी परत आली, पाय धुतले, चूल पेटवली. मनगटाला फडकं बांधलं होतं.

तिसऱ्या दिवशी शिवेवर देवाला गाऱ्हाणं घातलं. सगळा गाव हात जोडून उभा. गावकार पुढे. त्यांचा आवाज बापासारखाच, खणखणीत.

"बा देवा म्हाराजा! आज सगळो गाव एक होऊन तुझ्या पायाकडे उभो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण वेगळो नाय, कोण भायर नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय," मी म्हणालो.

फार मोठ्याने नाही. पण गाऱ्हाण्यात 'नाय' कोणी म्हणत नाही, त्यामुळे ऐकू गेलं. कुठलं तरी वासरू ओरडत होतं, तेवढंच.

गावकार वळले. "काय मास्तर?"

"वाडीमधून रेघ मारणार हे तुमका म्हायत होतां?"

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तूच म्हणालंस मा रे, आमी गावातलेच? मगे गावाच्या प्रभागात घातलंव तुमका. वेगळी वाडी, वेगळी जागा, ह्या कित्याक आता? गावात घेतलां तरी रडतास, भायर ठेवलां तरी रडतास."

मागून कोणी तरी खिदळलं.

'मास्तर' गेलं होतं. 'तुमी' गेलं होतं. 'रे' आलं होतं. आणि मला विलक्षण मोकळं वाटलं. मी ज्याच्यासाठी तीन दिवस शेणाच्या वासात बसलो होतो, तो मान काय होता ते समोर उघडं पडलं होतं. त्यांना आमचं गावात असणं नकोच होतं. आमचं त्या तीन दिवसांत गावात नसणं हवं होतं.

मी चालू लागलो. कौल झाला नव्हता. मी शीव ओलांडली. मागे आरडाओरडा झाला, "अरे, देव फिरता!" कोणी म्हणालं, "मरतलो तो." दीक्षा घेतलेल्या घरातला मी, आणि भर दुपारी बंद दारांमधून चालताना मानेवर कोणाचा तरी श्वास जाणवत होता. प्रत्येक ओसरीवर कोणी बसलंय असं वाटत होतं. बाबा दिसेल असं वाटत होतं. कोणी नव्हतं. पंचायतीला कुलूप, बाहेर फलकावर नकाशा. रेघ आमच्या विहाराला घासून गेली होती. वैनीचं घर एका बाजूला, माझं दुसऱ्या. मी ती रेघ बोटाने शेवटपर्यंत बघितली. नकाशावर ती बोटभरसुद्धा नव्हती.

मागे पावलं वाजली. वैनी होती. तिच्यामागे वाडीतली काही माणसं. सगळी नाही.

देवाने आमचं काही केलं नाही. माणसांनी केलं. पिठाच्या गिरणीवर आमचं दळण शेवटी लागतं. शाळेच्या समितीने माझी बदली मागितली आहे. वाडीतली निम्मी घरंसुद्धा माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. मी वैनीची माफी मागितली. ती तांदूळ निवडत होती.

"माफी माका नुको," ती म्हणाली. "माका अडवलास ता लिवान द्या. सही करून."

लिहून दिलं. मुदत संपल्यावर दिलेल्या आमच्या हरकतीला माझं प्रतिज्ञापत्र जोडलं आहे. वाडीला कोणी, कशासाठी बाहेर नेलं आणि पंचायतीच्या सदस्याला शिवेवर कोणी धरून ठेवलं, हे त्यात नावानिशी आहे. पहिलं नाव माझं. वकील म्हणाले, स्वतःला एवढं खाली कशाला दाखवता, हात धरल्याचं वाक्य गाळू. मी गाळू दिलं नाही. तेच वाक्य खरं आहे आणि बाकी सगळं त्यावर उभं आहे.

हरकत फेटाळली तर वरच्या कचेरीत जाऊ. तिथे फेटाळली तर कोर्टात. निवडणूक त्याआधी लागली तर वहाळाच्या त्या काठावरून वैनी उभी राहील, या काठावरून मी. शिक्षकाला उभं राहता येत नाही, म्हणून राजीनामा लिहून ठेवला आहे. पेन्शनचं काय, असं बायकोने विचारलं. मग तीच म्हणाली, प्रचाराला मी येईन.

आम्ही दोघंही पडू. गावाला माहीत आहे, आम्हालाही. तरी वाडीच्या दोन्ही तुकड्यांत आमच्यातल्या माणसाचं नाव मतपत्रिकेवर छापावं लागेल, आणि ते वाचल्याशिवाय कोणाला मत देता येणार नाही. वाडी पुन्हा एका प्रभागात येईपर्यंत, दर निवडणुकीला.