परतीचं डिझेल

उंच डोंगरातल्या मुरगाब गावात बुरमाकानच्या खिडकीतला दिवा भर दिवसाही जळतो. म्हातारीला फुकटचं ऊन मिळतंय म्हणून उधळते, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. अठरा वर्षांपूर्वी तिचा नवरा ममतकेरीम याने घाटापलीकडच्या ओश शहरातून ट्रकमधून सोलर पॅनेल आणली, त्यातलं एक स्वतःच्या छतावर बसवलं आणि "उरलेली घेऊन येतो" म्हणत रिकामा ट्रक काढला. अक-बैतालच्या घाटात त्या दिवशी हिमवादळ उठलं. ना ट्रक सापडला, ना तो.

तेव्हापासून घाटाकडून इंजिनाची घरघर ऐकू आली की बुरमाकानच्या हातातलं काम थांबतं. पुष्कळदा रस्त्यावर काहीच नसतं.

तिथली रीत अशी, की दर गुरुवारी घरातल्या मेलेल्या माणसांसाठी तेलात सात रोट्या तळायच्या, त्यांची नावं घ्यायची. वास त्यांना पोचतो, तेच त्यांचं जेवण. बुरमाकान सहाच तळते, नवऱ्याच्या नावाची सोडून. जिवंत माणसासाठी वास काढणं म्हणजे त्याला आपल्या हातांनी मातीत घालणं. "आणि गेला असेल तर? उपाशी ठेवलायस त्याला," जाऊ म्हणायची. हे मात्र तिच्या जिव्हारी लागायचं.

अशाच एका गुरुवारी ओशहून सैकल नावाची मुलगी आली. डोंगरातल्या पॅनेलची वीज खरंच किती स्वच्छ, हे तिची संस्था मोजत होती.

"आपा, हे पॅनेल बनवायला तिकडे कारखान्यात कोळसा जळला, आणायला डिझेल. पॅनेलच्या जन्मापासून मरेपर्यंतचा सगळा धूर धरायचा."

"आणि मी चुलीसाठी झुडपं उपटायची सोडली, ते?"

"तेवढा धूर वजा. तुमच्याच बाजूने आहे मी." सैकलने कागद उलटला. "ट्रक परत रिकामा गेला?"

"रिकामा."

"मग परतीचं डिझेलही याच्याच खाती. ओशपर्यंत धरते हं."

कढईत सहावी रोटी फुगली होती. बुरमाकानने ती काढली. हे आजवर तिला कुणी असं सरळ विचारलंच नव्हतं. जो तो तिला सांभाळून बोलायचा.

"ओशपर्यंत नको," ती म्हणाली. "घाटापर्यंतच धर."

सैकलला कळलं. तिची पेन्सिल थांबली.

बुरमाकानने सातवी लाटी तेलात सोडली आणि नवऱ्याचं नाव घेतलं. मग ती रडू लागली.

"पोरी, परातीत आणखी पीठ घे," ती म्हणाली. "अठरा वर्षं उपाशी आहे तो. एका रोटीने काय होणार."