विसाव्या मिनिटाला बंद पडणारा कॉम्प्युटर

गेल्या रविवारी दुपारी, शंकर नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझा नवाकोरा गेमिंग कॉम्प्युटर परत बंद पडला. सलग तिसरा रविवार... स्क्रीन काळी, आणि फोनच्या स्पीकरवर धाकट्या भावाचा सुस्कारा.

हो, वय त्रेचाळीस आणि गेमिंग कॉम्प्युटर. हसून घ्या खुशाल.

आयडिया भावाची, म्हणजे बबलूची. तो हैदराबादला असतो. बाबा गेल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं 'आईनं गोळी घेतली का' एवढ्यावर आलं होतं... मग एक दिवस तोच म्हणाला की ताई, तुझ्याकडे एक चांगला कॉम्प्युटर बनवू आणि रविवारी दुपारी खेळत जाऊ, पूर्वीसारखं.

पूर्वीसारखं म्हणजे रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. बाबांनी कुठून तरी सेकंडहँड कॉम्प्युटर आणला होता, त्यावर गाड्यांच्या रेसचा एक गेम. कीबोर्ड एकच... बाण बबलूचे, अक्षरं माझी, आणि कोपराकोपरी दोघांची.

बाबा शेजारी गजराचं घड्याळ ठेवायचे. अर्धा तास झाला की गजर, आणि गजर झाला की आई येऊन कॉम्प्युटरवर कव्हर टाकायची. जाड मॅटी कापडाचं, मोर भरलेलं, तिनं स्वतः शिवलेलं. कधी बबलूनं फारच गयावया केली तर बाबा हळूच डोळा मारून काटा पाच मिनिटं मागे करायचे... आईला पत्ता नसायचा.

तर बबलूनं पार्ट्सची लिस्ट दिली आणि मी डायनिंग टेबलवर व्हिडिओ कॉल लावून सगळं स्वतःच्या हातानं जोडलं. प्रोसेसर बसवताना श्वास रोखून धरला होता. चालू झाला तेव्हा आतले निळे-जांभळे लाईट पाहून आई म्हणाली की जयंतीच्या मिरवणुकीची लायटिंगच घरात आणली पोट्टीनं.

पहिल्या रविवारी दोन तास गाड्यांची रेस मस्त खेळलो. पुढच्या रविवारपासून मात्र वीस मिनिटं झाली की फट्... बंद.

मग काय, मी लागले हात धुवून मागे. ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्यानं टाकली, रॅमची एक पट्टी काढून बघितली, मग दुसरी. टेम्परेचर बघायचं सुचलं होतं, पण नवीन मशीन, सात-सात पंखे, तापणार कशाला म्हणून मीच उडवून लावलं. शहाणी ना मी.

शेवटी ऑटोत घालून पुरानी बस्तीतल्या एका रिपेअरवाल्याकडे नेला. तिथे तो गेम तीन तास चालला, अगदी लोण्यासारखा! भैया म्हणाला, "दीदी, इसमें कुछ नहीं है. आपके घर में ही कुछ है." मला असा राग आला... घरी येऊन इलेक्ट्रिशियन बोलावला, सॉकेट बदललं, स्टॅबिलायझर लावला. तरी वीस मिनिटं.

आणि गेल्या रविवारी बबलू म्हणाला, "जाऊ दे ना ताई. राहू दे आता." कॉम्प्युटर गेला खड्ड्यात... पण रविवार गेले की आम्ही परत 'आईनं गोळी घेतली का'वर येणार, हे मला दिसत होतं.

एकदा, फक्त एकदा टेम्परेचर बघू म्हणाले. आकडे चढतच होते. बबलू म्हणाला, फोन मागे ने, पंखा फिरतो का दाखव. मी फोन मागे नेला.

"ताई... तो मोर आहे का?"

मोरच होता. पहिल्या रविवारनंतर आईनं पेटीतून ते जुनं कव्हर काढून कॅबिनेटवर घातलं होतं. मी खेळायला बसले की तीच पुढचा पडदा उचलून मागे टाकायची, लाईट दिसावेत म्हणून. वरची जाळी, मागचा पंखा, गरम हवेच्या दोन्ही वाटा मोरांखाली बंद. आमच्याकडे मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर, रिमोटलासुद्धा कव्हर... माझ्या डोळ्यांना ते दिसतच नव्हतं. रॅम काढताना, दुकानात नेताना मीच ते काढून पलंगावर फेकलं होतं, आणि आईनं परत घातलं होतं. मीच!

आई तिथेच मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे माह्यापायी बंद पडून राहिला होता का तो? मले वाटलं, धूळ बसन..."

फोनवरून बबलूच म्हणाला, "आई, कव्हर तर गजर झाल्यावर टाकायचं असते ना. तू आधीच टाकून राहिली."

आई हसली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. मग उठून कव्हर काढलं, नीट घडी केली आणि मांडीवर घेऊन माझ्या मागे खुर्चीत बसली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "खेळा. अर्धा तास."

वीस मिनिटं गेली. पंचवीस गेली. कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही... आणि बरोबर तिसाव्या मिनिटाला आई कव्हर घेऊन उभी!

"आई, पाच मिनिटं," बबलू म्हणाला. घरी सेहेचाळीस इंची टीव्ही असलेला, दोन पोरांचा बाप, अगदी त्याच आवाजात.

आई परत बसली. "तुमचे बाबा काटा मागं करत. मले सारं मालूम होतं."

त्या पाच मिनिटांत गाडी कुठे ठोकली तेही कळलं नाही.

बंद केल्यावर आईनं कॅबिनेटवर तळहात ठेवला, ताप बघावा तसा. गार झालाय अशी खात्री केली आणि मगच मोर पांघरला. आता हे काम तिचं... आणि रविवार आमच्या चौघांचा, बाबा धरून.