गच्चीवरची अँटेना आणि आमची शोभा

सन २००६, एप्रिल महिना, चैत्र संपत आलेला आणि गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही असा उन्हाळा. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ह्यांनी अँटेना बसवली, ती तेव्हा. माणसाची फजिती एकदाच झाली तर ती विसरता येते. पण एकाच जिन्यात, त्याच शेजाऱ्यांसमोर ती वारंवार होऊ लागली की तिचे किस्से होतात, आणि आपण सांगितले नाहीत तरी इमारत सांगतेच. म्हणून मीच सांगते. निदान क्रम तरी चुकणार नाही.

हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि नंतरची दोन वर्षे खिडकीकडे तोंड करून बसले. दाढी चौथ्या दिवशी. जेवायला दोनदा हाक मारावी लागे. ह्यांचे जुने स्नेही जोगळेकर येरवड्याहून स्कूटरवर येत. त्यांनी ह्यांना हौशी रेडिओचा नाद लावला. दोघे परीक्षेला बसले, परवाना मिळवला आणि आकाशातून जाणाऱ्या लहान लहान उपग्रहांचे संदेश व चित्रे पकडू लागले. तिसरे वानखेडे, मूळचे अकोल्याचे, नोकरी खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. संगणक त्यांचा.

अँटेना आली आणि हे रोज सकाळी दाढी करू लागले. मी जुनी मॅट्रिक. उपग्रहातले मला कळत नाही, पण दाढीतले कळते. म्हणून मी अँटेनेबद्दल अवाक्षर काढले नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी निंबाळकर तळमजल्यावर राहतात. सारी नोकरी कोर्टात गेली. त्यांनी सांगितले, "सप्टेंबरच्या वार्षिक सभेपर्यंत राहू द्या. तक्रार आली नाही, तर पुढचं पाहू."

*

पहिली तक्रार आठवड्याच्या आत आली.

उपग्रह एका क्षितिजावर उगवतो आणि दहा-बारा मिनिटांत दुसऱ्या क्षितिजावर मावळतो. तेवढा वेळ अँटेनेचे तोंड त्याच्याकडे राहावे म्हणून वानखेडे हातातली दुसरी अँटेना, ॲल्युमिनियमच्या काड्यांचा एक सांगाडा, हळूहळू फिरवीत. हे वाटेल तशा मोठ्या आवाजात दिशा सांगत. त्या सायंकाळी उपग्रहाचा मार्ग नेमका समोरच्या इमारतीतील दामलेबाईंच्या स्वयंपाकघरावरून जात होता.

बाई खिडकीत आल्या. "काय चाललंय? काय रोखून धरलंय माझ्यावर?"

वानखेडे सांगाडा न हलवता अदबीने म्हणाले, "तुमच्यावर नाही जी मावशी, तुमच्या मागून उपग्रह चालला."

"माझ्या मागून कोणी जायला मी काय लक्ष्मी रोड आहे?"

खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन मी दामलेबाईंकडे गेले. त्यांनी डबा ठेवून घेतला आणि दारातूनच विचारले, "लाडू देतानासुद्धा फिरवून देतात का?"

*

मे महिन्यात गच्ची ही गच्ची नसते. सगळ्या मजल्यांचे पापड, कुरडया, सांडगे तिथे वाळत असतात, आणि कोणाची चादर कुठे ह्याबद्दल अलिखित पण कडक नियम असतात.

हवामानाच्या उपग्रहाचे चित्र आधी आवाजाच्या रूपाने येते. टिक-टिक, टिक-टिक, अशा सुरात. तो आवाज संगणकात भरला की त्यातून एकेक ओळ करून ढग आणि किनारे उमटतात. रेडिओपासून संगणकापर्यंत वायर जोडायची असते. ती वायर त्या दिवशी जोगळेकरांच्या घरी राहिली. "काही अडत नाही," ते म्हणाले आणि संगणकाचा माइक रेडिओपुढे धरून बसले. हे सारे आमच्या जेवणघरात.

चित्र उमटले. गुजरातचा किनारा ओळखू येत होता, आणि त्याच्या खाली अरबी समुद्रावर पांढरेशुभ्र, रुंद पट्टे.

जोगळेकर उभे राहिले. "वादळ आहे. आणि सरळ किनाऱ्याकडे निघालंय."

हे तसेच जिन्यात गेले आणि प्रत्येक मजल्यावर सांगून आले. बायका धावल्या. अर्धवट वाळलेल्या कुरडया चादरींत गुंडाळून घरोघर गेल्या.

वादळ आले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. डोळे दिपतील असे ऊन पडत होते आणि घराघरांत ओल्या कुरडयांना वास सुटत होता. चौथ्या दिवशी वानखेड्यांनी तो ध्वनी पुन्हा लावून ऐकला, चित्रातले पट्टे मोजले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काकू, तुम्ही वरणाच्या कुकरला किती शिट्ट्या देता?"

"तीन."

"मग बरोबर आहे. अरबी समुद्रात तुमचं वरण शिजलं."

त्या वर्षी इमारतीतल्या कोणीही आम्हाला कुरडया दिल्या नाहीत. मी मागणेही शक्य नव्हते.

*

हे बोलण्यात अतिशय सभ्य. उपग्रहामार्फत दुसऱ्या गावच्या माणसाशी बोलायचे तर नाव, गाव, आवाज कसा येतोय, एवढेच सांगून बाजूला व्हायचे असते, कारण मागे दहा जण ताटकळत असतात. ह्यांना हे असभ्य वाटे.

कोल्हापूरचे एक गृहस्थ ह्यांना प्रथमच भेटले. ह्यांनी नमस्कार केला, परिचय झाल्याचा आनंद व्यक्त केला, आपण मूळचे कुठले हे विचारले, कोल्हापुरात खात्याच्या कामानिमित्त केलेल्या मुक्कामाची आठवण सांगितली आणि घरच्या मंडळींची चौकशी केली. उत्तर येण्यापूर्वीच उपग्रह मावळला.

तो पुन्हा येईपर्यंत हे जागचे उठले नाहीत. उपग्रह उगवताच कोल्हापूरकरांचा आवाज आला, "घरचे सगळे बरे आहेत. आता मेहेरबानी करून तुमचं नाव सांगा."

*

ह्यापुढचे सांगताना मला आजही मान वर करवत नाही.

ऑगस्टमध्ये निंबाळकरांच्या मातोश्री गेल्या. तेराव्याला गीतापठण होते. बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जावे म्हणून त्यांनी एक लहान लाउडस्पीकर आणला होता. मी खाली बायकांत बसले होते. आज वर काही चालवू नका, असे मी ह्यांना बजावले होते. जोगळेकरांना कोणी बजावले नव्हते, आणि रेडिओ आता गच्चीवरच्या खोलीत असे, तिची किल्ली त्यांच्याजवळही होती.

अध्याय संपला, गुरुजी पाणी प्यायला थांबले, आणि लाउडस्पीकरमधून घोगरा, बाईचा की पुरुषाचा न कळणारा आवाज आला.

"हॅलो. कोणी ऐकतंय का?"

निंबाळकरांचे वृद्ध काका पहिल्या रांगेत होते. त्यांनी हात जोडले. "ऐकतोय वहिनी. बोला."

"आवाज फार क्षीण येतोय. जरा वर या."

काका उठले, चपला घातल्या आणि जेवायला न थांबता रिक्षाने घरी गेले. वर जोगळेकर रेडिओवर कोणाला तरी वरच्या वारंवारतेवर बोलावत होते, ते खालचा लाउडस्पीकर पकडत होता. निंबाळकरांनी माझ्याकडे पाहिले आणि मग छताकडे.

त्याच सायंकाळी वार्षिक सभेच्या सूचनेत त्यांनी एक विषय वाढवला: गच्चीवरील अँटेना काढून टाकणे.

ह्यांनी सूचना वाचली आणि चष्मा पुसत म्हणाले, "दुसरीकडे कुठे लावणार आपण?" दुसरीकडे जागा नव्हतीच. सभेच्या आदल्या दिवशी ह्यांनी दाढी केली नाही.

*

सभा सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी गच्चीवरच भरली. नेमकी त्याच वेळी परदेशातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या, तळहातावर मावेल अशा एका उपग्रहाची फेरी होती, आणि तो एक चित्र पाठवणार होता. ह्यांचा बेत असा, की चित्र मिळवायचे आणि मतदानापूर्वी सभासदांपुढे ठेवायचे. जोगळेकर रेडिओपाशी, वानखेडे सांगाडा घेऊन कठड्यापाशी. मी ह्यांना एकच अट घातली, "सभा चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही." ह्यांनी मान डोलावली आणि कानाला हेडफोन लावले.

विषय निघाला. निंबाळकरांनी कारणे वाचून दाखवली. सर्व खरी होती. पुढच्या विषयांना वेळ हवा म्हणून त्यांनी लगेच मत घेतले.

"एका सदनिकेचं एक मत. अँटेना काढून टाकावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

आणि तेवढ्यात उपग्रह उगवला. बोलायचे नव्हते, म्हणून ह्यांनी वानखेड्यांना दिशा दाखवायला उजवा हात सरळ वर केला.

मी म्हणाले, "निंबाळकर, तो हात मताचा नाही."

"वहिनी, सभेत हात म्हणजे हात," ते म्हणाले आणि मोजू लागले. काढावी म्हणणारे पाच, राहू द्या म्हणणारे चार. पाचवा हात ह्यांचा. तो आता सावकाश पूर्वेकडे कलत होता, आणि त्याच्यामागोमाग वानखेडे सांगाडा कलवत होते. मोजणी झाली तरी हात खाली येईना. सारी सभा त्या हाताकडे पाहत बसली.

उपग्रह मावळला. ह्यांनी हात खाली घेतला, हेडफोन काढले. चेहरा घामाने निथळत होता.

"आलं. संपूर्ण आलं," हे म्हणाले. मग सभेचे भान आले. "माफ करा, माझं लक्ष नव्हतं. मतदान झालं का?"

"झालं," निंबाळकर म्हणाले.

"काय निकाल लागला?"

निंबाळकरांनी मोजणीच्या कागदाकडे पाहिले. "आपण ज्या बाजूला होतात, त्या बाजूचा."

हे उठले. पहिल्या खुर्चीपासून सुरुवात करून एकेका सभासदासमोर हात जोडून उभे राहिले, नाव घेऊन आभार मानत गेले. ज्यांनी हात वर केला होता त्यांचेही. कोणी जमिनीकडे पाहत होते, कोणी पदराकडे. शेवटी हे निंबाळकरांपुढे आले. "तुमच्याकडून तर मला अपेक्षाच नव्हती. फार मोठं मन केलंत."

निंबाळकरांनी कागदावरचा पाच खोडून चार केला आणि पेनाला टोपण लावले.

"ठराव नामंजूर," ते म्हणाले. "पुढचा विषय, पाण्याची टाकी."